तळहात टेकत नाही

तोंड धुताना माझंच बोट माझ्या डोळ्यात गेलं, तेव्हा मला कळलं की हात बदललाय. तोवर मी त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. सकाळी उठल्यापासून तो कामातच असतो, मग त्याच्याकडं बघायचं कधी? त्या दिवशी मोरीत उभी राहून, डोळा चोळत चोळत मी तो उजेडात धरला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोघी आत वळून बसल्या होत्या. बाकीची बोटं सरळ, या दोघी मात्र थंडीत अंग आखडून बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.

आठवायला गेलं तर हे एका दिवसात झालेलं नव्हतं. आधी तळहातात, बोटाच्या मुळाशी हरभऱ्याएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून मी तिला खुरप्याचा घट्टा समजले. आमचं गाव तेलगावच्या अंगाला, काळ्या जमिनीचं. कापूस निंदायचा, उसात शिरायचं, हाताला घट्टे नसले तरच नवल. मग त्या गाठीपासून बोटापर्यंत, कातड्याखालून कुणी सुतळी ओढून घेतल्यासारखी एक शीर वर आली. मग बोट वाकलं. मग शेजारचं वाकलं. भाकरी थापली की पिठात खळगे पडायला लागले. सून मला मामी म्हणते. एक दिवस तव्यावरची भाकरी उलटताना म्हणाली, "मामी, परातीत कोंबडी शिरली व्हती का? चोचीनं टोचल्यावानी दिसतंय."

"गप भाज," मी म्हणाले. पण मनात लागलं.

त्याच आठवड्यात लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत हात घातला, तो बाहेर येईना. आत जाताना गेला, येताना ही दोन बोटं आडवी. सून हसून हसून जमिनीवर बसली. मीही हसले. करता काय, हात बरणीत!

उपाय केले की. कोमट तेल चोळलं. विटकरीचा शेक घेतला, तर फोड आला, आणि मला साखरेचा आजार असल्यामुळं तो फोड लवकर बरा होईना. एका हाडवैद्यानं हात ओढून बघितला, शीर आखडलीय म्हणाला. कुणीतरी सांगितलं म्हणून दुपारी झोपताना पाट्याखाली पंजा दाबून ठेवला. पाटा काढला की बोटं पुन्हा आपल्या जागी. मग मी नाद सोडला. जेवता येत होतं, पेन धरता येत होता, पदर खोचता येत होता. म्हातारपणी एवढं चालायचंच, असं म्हणून मी ती दोन बोटं पदराखाली झाकायला लागले.

आणि मग दसऱ्याच्या सुमाराला नातीचा फोन आला. नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडंच. बातमी तिच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, मला आधीच कानात सांगितली होती, पण नातीनं मला वेगळा फोन केला.

"आज्जी, बाळाला तूच न्हाऊ घालायचं बरं का. मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची आज्जी बाळ न्हाणते म्हणून."

"मी न्हाई तर कोन न्हाणनार गं?" मी म्हणाले. फोन ठेवला आणि हाताकडं बघितलं.

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. मला भरतकाम येत नाही, गाणं येत नाही, शाळेत मी गेले नाही, अक्षरं पोरांच्या पुस्तकांतून शिकले. पण बाळ न्हाणायला मला येतं. माझी लेकरं मी न्हाणली, मुलाची दोन्ही न्हाणली, गल्लीतल्या किती घरांतली न्हाणली ते मी मोजलं नाही. पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायचं, पाय लांब सोडायचे, आणि पायांच्या दोन नळ्यांच्या मधल्या खोबणीत बाळ पालथं ठेवायचं. ते वजन! आधी ते लाकडासारखं ताठ असतं, रडून घर डोक्यावर घेतं. मग तेलाचा तळवा पाठीवरून खाली आला की हळूहळू सैल पडत जातं. एक क्षण असा येतो की ते तुमच्या पायांवर सांडल्यासारखं होतं. तो क्षण नळ्यांना कळतो. कितीतरी वर्षांत माझ्या नळ्यांवर काही नव्हतं, आणि नातीच्या फोननंतर त्या मला रिकाम्या वाटायला लागल्या.

पण या कामाला तळवा लागतो. पाठ तळव्यानं चोळायची, बोटांनी नाही. आणि शेवटी टाळू. बाळाच्या डोक्यावर ती मऊ जागा असते ना, खाली काहीतरी धडधडतं, तिथं तेल घालून सपाट तळवा अलगद ठेवायचा. नख लागता कामा नये. डाव्या हातानं मान धरायची, टाळूवर उजवाच हात. आमच्यात डाव्या हातानं टाळू भरत नाहीत. म्हणजे माझा सगळा जीव त्या उजव्या तळव्यावर, आणि तो तर कुठंच टेकत नव्हता.

बोटांचा हा वाक मला अनोळखी नव्हता, हे खरं. असा हात मी लहानपणापासून बघितला होता, आबाचा. आबा म्हणजे माझा बाप. माझं माहेर शिरूर कासारकडचं. माळरान, दगड, पाणी कमी. माणसं कोयता घेऊन उसाला जायची, आबा मेंढरं घेऊन निघायचा. पिकं निघाली की कळप खाली नदीकाठच्या गावांकडं उतरायचा, लोक खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. मी लहान असताना मागं मागं चालायची. आबाच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती, बाभळीच्या शेंगा ओढायची आकडी असते ना लांब काठीची, तिच्या टोकासारखी. मेंढरू धरायचं म्हणजे मागच्या पायाला धरावं लागतं. माझे भाऊ दोन्ही हातांनी झडप घालायचे आणि तोंडावर पडायचे. आबा नुसता चालता चालता हात खाली सोडायचा, पाय त्या बोटांत अडकायचा, मेंढरू उभं.

वाड्यावरची माणसं, म्हणजे कळपाबरोबर तळावर राहणारी आमचीच माणसं, म्हणायची, "जलमभर मेंढरं धरली, हाताला तसाच आकार आला." आबाही तेच सांगायचा, आणि जरा तोऱ्यात सांगायचा. नवा कुणी गडी कळपाला आला की त्याला आपला पंजा दाखवायचा. "असा व्हईस्तवर तू मेंढका न्हाईस," म्हणायचा. पोरं आपली बोटं वाकवून वाकवून बघायची.

मला त्या बोटांचा दुसराच उपयोग होता. चालताना आबाला माझा हात धरावा लागत नव्हता. मी माझी मूठ त्या दोन बोटांत घालायची, खुंटीला पिशवी अडकवावी तशी, आणि चालायची. झोप आली तरी हात सुटत नव्हता. डोळे मिटून चालले आहे मी तशी, पुढं मेंढरांच्या गळ्यातली घुंगरं, पायाखाली ढेकळं, आणि हात आबाच्या आकडीत. लग्न होऊन निघाले तेव्हा त्यानं माझ्या गालावरून हात फिरवला. वाकलेल्या बोटाचं नख गालाला लागलं. "टोचलं का गं माय?" एवढंच म्हणाला. टोचलं होतं. ती जागा मला अजून सापडते.

आता मधली एक गोष्ट सांगते, हसू नका. नात संक्रांतीनंतर येणार होती. त्याच्या आधी मला बघायचं होतं, आपल्याला जमतं का. आमच्या शेळीला करडू झालं होतं, नुकतंच उभं राहायला लागलेलं. घरात कुणी नव्हतं. मी पाटावर बसले, पाय सोडले, करडू नळ्यांवर पालथं घेतलं आणि पाठीला तेल लावायला सुरुवात केली. पहिले दोन हात बरे गेले. तिसऱ्याला ते असं ओरडलं की शेळी दावं तोडून दारात आली, आणि शेळीच्या मागं सून.

"अगं माय! मामी, काय चाललंय?"

"काय न्हाई. करडाला गोचीड बगत व्हते."

"पाटावर बसून? तेल लावून?" ती बघत राहिली, मग तिला कळलं. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. करडू उचलून तिनं त्याची पाठ बघितली. केसांखाली नखाचा लांब ओरखडा होता. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, पदराखालून माझा हात ओढून काढला आणि म्हणाली, "उद्याच्याला बीडला जायचं. हाताची डॉक्टरीण येती म्हनं तिथं, औरंगाबादहून. लपवून काय सरळ व्हईल का?"

बीडला गेलो. डॉक्टरीण तरणी होती, नातीपेक्षा जरा मोठी असेल. तिनं हात बघितला, गाठ दाबली, मग म्हणाली, "आजी, हा हात टेबलावर पालथा ठेवा. सपाट."

मी ठेवला. मधनं उंदीर जाईल एवढी जागा राहिली. मला वाटलं ही परीक्षा आहे, तर पास व्हावं. मी डावा हात वरून दाबला.

"आजी, डावा हात काढा."

"काढला तर उठतंय की ते."

"तेच तर बघायचंय मला."

मग तिनं समजावून सांगितलं. कातड्याच्या खाली एक पातळ पापुद्रा असतो, तो जाड होतो, त्याची दोरी बनते आणि ती बोटाला आत ओढते. शीर आखडलेली नाही. तेलानं ती विरघळत नाही, शेकानं सुटत नाही, दाबून सरळ होत नाही. मी सुनेकडं बघितलं नाही, तिनं माझ्याकडं बघितलं. कष्टाचं हे दुखणं नव्हे, डॉक्टरीण म्हणाली, बऱ्याचदा घराण्यात असतं, आणि साखर असलेल्यांना जास्त दिसतं.

"तुमच्या घरात कोणाला असं होतं? आई, वडील, भाऊ?"

"न्हाई बाई," मी म्हणाले. "आमच्यात असला आजार कुनाला न्हाई. माजा बाप तर मरस्तवर मेंढरामागं हिंडला."

आता करायचं काय? ती म्हणाली, काही न करताही चालतं. तुमचं काम अडत नसेल तर थांबा, मधूनमधून दाखवत राहा. पण दोरी आपण होऊन सैल होणार नाही, सावकाश आणखी ओढेल. करायचं तर एक सुईचं काम आहे. तळहात बधिर करायचा, सुईनं टोचून टोचून दोरी तोडायची, संध्याकाळी घरी. थोड्या दिवसांत हात वापरता येतो. मात्र ती दोरी परत येऊ शकते, काहींना लवकर येते. नाही तर मोठं ऑपरेशन. तळहात उघडून दोरी काढून टाकायची. ते जास्त टिकतं, पण टाके, मग बोटं सरळ ठेवायला पट्टी, ती महिनोन्महिने रात्री बांधायची, रोज व्यायाम. बोटाला बधिरपणा राहू शकतो. "आणि करंगळीचं मधलं पेर बरंच आखडलंय. ती कशानंच पूर्ण उघडेल असं मी सांगणार नाही. काहीही ठरवा, आधी साखर खाली आणा. नाही तर जखम चिघळेल."

"शिमग्यापतूर व्हईल का?" मी विचारलं.

"शिमग्याला काय आहे?"

"आमच्याकडं पाहुना येनार हाय," सून म्हणाली. "त्याला न्हाणायचंय."

येताना बस वडवणीच्या अलीकडं थांबली. मेंढरं रस्त्यात आडवी आली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मेंढरं आपल्या चालीनं चालली होती. मी पुढच्या सीटची दांडी धरून बाहेर बघत होते. घोंगडी घेतलेला एक म्हातारा मागं राहिलेलं कोकरू हाकत होता. त्याचे हात मी बघितले. म्हातारा, जन्मभर मेंढरं धरलेला, आणि त्याची बोटं सरळ. सगळी. मला माझे भाऊ आठवले, तेही म्हातारे होईपर्यंत मेंढरांतच होते, त्यांची बोटं सरळ होती. वाड्यावरच्या सगळ्यांची सरळ होती. वाकलेला हात एकट्या आबाचा होता. मग मी दांडीवरच्या माझ्या हाताकडं बघितलं. दोन बोटं दांडीला अडकून बसली होती, मी धरलं नव्हतं तरी.

"अगं माय!" मी मोठ्यांदा म्हणाले.

"काय झालं?" सून दचकली. "कळ आली का?"

"ह्यो आबाचा हात हाय."

"कुनाचा?"

"माज्या बापाचा. त्याला हेच व्हतं."

"मग डॉक्टरनीनं इचारलं तवा कावून न्हाई म्हनलात?"

"मला काय ठावं ते दुखनं हाय म्हनून! आमाला वाटायचं मेंढक्याचा हात असाच असतो."

सुनेनं दांडीवरचा माझा हात निरखून बघितला. मग म्हणाली, "म्हंजी त्यान्ला दुखनं व्हतं, आन् ते सगळ्यान्ला दाखवत हिंडायचे?"

"तोऱ्यात," मी म्हणाले, आणि मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावावा लागला. मेंढरं सरली, बस निघाली. घरापर्यंत मी तो हात मांडीवर उघडा ठेवला होता. पदराखाली घालावासा वाटला नाही.

घरी वाद झाला. मुलगा म्हणाला, "मोठं आपरेशनच करून टाकू. एकदाच मोकळं."

"आन् लेक बाळंतीन व्हईल तवा ह्या पट्टी बांधून खाटंवर," सून म्हणाली. "एका घरात दोन बाळंतिनी, मी एकली करनारी."

नात फोनवर म्हणाली, "आज्जी, माझ्यासाठी काही करू नको. तुला स्वतःला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते फोनवर कसं सांगू? मला बाळ पायांवर घ्यायचं होतं, आणि त्याच्या टाळूवर तळवा टेकवायचा होता. आणि दुसरीकडं, बसमधल्या त्या दुपारपासून, हात सरळ करायचा म्हटलं की कुणाला तरी घरातून वाटेला लावल्यासारखं वाटायचं. आबा गेला तेव्हा मी जवळ नव्हते. फोटो नाही त्याचा एकही. इतक्या वर्षांनी तो आला तो असा, माझ्याच हातात, आणि मी डॉक्टरणीला विचारत होते की याला कधी काढता.

"सुई," मी म्हणाले. "सुईनं बगू."

मग साखरेच्या मागं लागलो. बिनसाखरेचा चहा प्यायले. भात सोडला. नात आली, पोट पुढं घेऊन अंगणात फिरायला लागली, आणि घरात डिंकाचे लाडू झाले. आता लाडू बाळंतिणीचे, पण ते नीट वळलेत का, डिंक फुललाय का, हे घरातल्या जाणत्या बाईनंच चाखून सांगायचं असतं. आमच्यात ती रीतच आहे. दर घाण्याला चाखावं लागतं. पुढच्या वेळी बीडला रक्त तपासलं तर साखर वर. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, काय खाल्लंत?" मी म्हणाले, "खाल्लं न्हाई बाई, चाखलं." सुईचा दिवस पुढं गेला.

आणि बाळ काही थांबलं नाही. शिमग्याच्या बरंच आधी आलं, मुलगी, एवढीशी, पण आवाज मोठा.

नाळ पडली, डॉक्टरांनी न्हाऊ घालायला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि ती सकाळ आली. मी पहाटेच पाट मांडला होता. पाणी कोमट करून मनगटावर बघितलं. न्हाणीघराच्या दारातून ऊन आत येत होतं. मी बसले, पाय सोडले, आणि नातीनं बाळ आणून माझ्या नळ्यांवर ठेवलं. ते वजन. मी डोळे मिटले. मग डाव्या हातानं मान धरली, उजव्या हाताला तेल घेतलं, आणि पाठीला लावायच्या आधी थांबले. करडू आठवलं. नख कापून कापून बोथट केलं होतं, तरी बोट तर वाकडंच. तरी मी हळूच टेकवलं. बाळानं अंग असं आखडून घेतलं की माझा हात आपोआप मागं आला.

नातीनं पाण्याचा तांब्या भरून ठेवला. सून दारात उभी होती, टॉवेल घेऊन. मी तिला म्हणाले, "ये. समोर बस."

"मी? न्हाई न्हाई. मामी, मी कधी बाळ न्हाणलंच न्हाई. माजी दोन्ही तुमीच न्हाणली."

"म्हनून तर. बस. पाय माजे, हात तुजे."

ती बसली. तिनं तळव्याला तेल घेतलं आणि हात तसाच वर धरून ठेवला. ऊस तोडलेल्या बाईचे हात ते, मोळी उचलताना कधी अडले नसतील. मी सांगत गेले, ती करत गेली. "मानेपासून खाली. दाबू नको, घसरू दे. बोटं न्हाई, तळवा. आता काखंत. आता मांड्या." माझा उजवा हात हवेतच चालत होता, तिच्या हाताच्या वर, वीतभर अंतरावर. नात तांब्यानं पाणी घालत होती आणि आमच्या दोघींच्या पायांवर जास्त सांडत होती. बाळ रडून रडून लाल झालं, आणि मग तो क्षण आला. ते सैल पडलं, सांडलं. माझ्या नळ्यांना कळलं. मी सुनेला म्हणाले, "बग, आता आली ती." तिला काय कळलं कोण जाणे, पण तिनं मान हलवली.

मग टाळू. तिनं बोट जवळ नेलं आणि झटकन काढलं. "मामी, हालतंय हो ते!"

"हालू दे. जितं हाय म्हनून हालतंय. सपाट हात ठेव. अख्खा."

तिनं ठेवला. भेगा पडलेला, रुंद तळवा बाळाच्या डोक्यावर टेकला, सगळा. कुठंही जागा राहिली नाही. तेल बोटांच्या फटींतून वर आलं. मी बघत बसले. तिचा तळवा किती चांगला आहे हे मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, तो माझा असावा असं मला फार वाटलं.

न्हाऊन झालं, ओव्याची धुरी झाली, बाळ मऊ लुगड्यात गुंडाळलं. मी तिच्या तोंडावरून हात ओवाळून आलाबला घेतली, बोटं कानशिलावर मोडली. वाजली ती वाजली, दोन नाही वाजली.

"आज्जी, दोन राहिली," नात म्हणाली.

"राहू दे. त्यान्ला पुढच्या येळंला वाजवू."

बाळाचा हात गुंडाळीतून बाहेर आला होता. मी तो आत घालायला गेले, तर तिनं माझी करंगळी पकडली. पकडली म्हणजे तिची मूठ तिथं अडकली. तिला धरावं लागत नव्हतं.

उन्हाळा संपेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून बाळ न्हाणलं. नंतर नंतर मला सांगावंही लागत नव्हतं, पण पाय मात्र माझेच लागायचे. सुनेच्या पायांवर ठेवलं की बाळ रडायचं. मला ते आवडायचं. मग जावई आला, बाळ पुण्याला गेलं. पाट भिंतीला लागला. सकाळी ऊन न्हाणीघरात यायचं आणि तसंच परत जायचं.

श्रावणात साखर खाली आली. लाडू संपले होते. डॉक्टरणीनं तारीख दिली, तळहात बधिर केला, सुई हातात घेतली, आणि मी म्हणाले, "बाई, थांबा. नुसतं शेजारचं बोट करा. करंगळी हाय तशी राहू द्या."

"थोडी तरी उघडेल ती, आजी. निम्मी."

"निम्मी नको. ती माज्या बापाची हाय."

तिनं चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "मागं तर म्हणाला होता, घरात कोणाला नाही म्हणून?"

"तवा तो घरात नव्हता," मी म्हणाले. सून तोंडाला पदर लावून हसत होती.

डॉक्टरीणही हसली आणि कामाला लागली. दुखलं नाही, पण दोरी तुटली तेव्हा काकडी मोडल्यासारखा आवाज झाला आणि बोट सरळ झालं. पट्टी निघाल्यावर मी घरी पहिल्यांदा काय केलं असेल? पाट काढला आणि त्यावर हात पालथा ठेवला. तळवा टेकला. करंगळी तेवढी कडेला वर उठून बसलेली, बाकी सगळा टेकला.

"भाकरीला एक टोच राहीलच की," सून म्हणाली.

"राहू दे. माजी कोनती ते कळंल."

दोरी परत येऊ शकते, डॉक्टरणीनं बजावून सांगितलंय. रोज बोट ताणते, गाठ वाढली का बघते. यायचं असेल तर येईल ती. तिनं जरा दम धरावा, एवढंच.

परवा नातीचा फोन होता. दिवाळीला येते म्हणाली. बाळ बसायला लागलंय, दात येतायत, सगळं सांगत होती. मी मधेच विचारलं, "टाळू कशी हाय गं?"

"टाळू? टाळूला काय झालंय?"

"हात लावून सांग."

फोनमध्ये जरा वेळ नुसतं बाळाचं बडबडणं ऐकू आलं. "मऊ हाय अजून, आज्जी," ती म्हणाली.

पाट मी पुन्हा धुऊन उन्हात ठेवलाय. तिळाचं तेल वेगळ्या बाटलीत गाळून ठेवलंय, त्याला कुणी हात लावत नाही. उजव्या हाताची नखं दर रविवारी कापते, करंगळीचं जास्त आत. ती टोचेलच, जराशी.